बिनट्रायलची गाडी

"चढाई मालिक ने, उतारेगा भी मालिक," असं म्हणून ट्रकवाल्याने हात झटकले आणि चावी देवरावांच्या तळहातावर ठेवली. एवढी बुटकी गाडी उतरवताना कुठे खरचटली, तर भरून कोण देणार?

कोइमतूरहून पाच दिवसांचा प्रवास करून ती निळी स्पोर्ट्स कार नागपूरला मानेवाड्याच्या गल्लीत पोचली होती, पण अजून ट्रकवरच होती. मागे दोन लोखंडी फळ्या लावून झाल्या होत्या. अर्धी गल्ली बघायला जमली होती. देवरावांनी चाळीस वर्षं संत्र्यांचा टेम्पो चालवला. माल दबू नये म्हणून काटा कधी पन्नासच्या वर जाऊ दिला नाही. अशा माणसाला साठी उलटल्यावर ही हौस सुचावी, याची लोकांना मोठी गंमत वाटत होती.

देवरावांना मात्र वेगळीच भीती होती. त्यांचा उजवा पाय घोट्याखाली त्यांना कळतच नव्हता. साखरेने नसा गेल्या, असं सदर भागातल्या डॉक्टरांनी तीन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं. गाडी चालवणं बंद, हेही बजावलं होतं. देवरावांनी घरी "शुगर कंट्रोलमध्ये आहे" एवढंच सांगितलं आणि त्याच आठवड्यात मोबाइलवर गाड्या बघायला लागले. आता नाही तर कधीच नाही, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. नागपुरातला विकणारा आधी ट्रायल घ्या म्हणाला असता, शेजारी येऊन बसला असता. कोइमतूरच्या माणसाला फोनवरून पाय थोडाच दिसतो? तोही बिचारा म्हणालाच होता, एकदा येऊन चालवून बघा. "गरज नाही, तुमच्या शब्दावर भरोसा आहे," असं देवरावांनी कळवलं, तेव्हा पुतण्या मोहितला आपल्या मोठेबाबांच्या दिलदारीचं कोण कौतुक वाटलं होतं.

क्लच नसलेली गाडी, रिकामा रस्ता आणि पायावर नजर, एवढ्यावर आपण निभावून नेऊ असं त्यांनी ठरवलं होतं. पायाकडे पाहिलं की तो कुठे आहे ते समजायचं. पण गाडी ट्रकवरून उलटी उतरवावी लागेल, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मोठेबाबा, मी उतरवू का?" मोहितने विचारलं.

हो म्हणायला काय जात होतं? पण सगळ्यांच्या देखत एकदा चावी दिली की ती परत हातात यायची नाही, हे देवरावांना पक्कं ठाऊक होतं.

"कायले? टेम्पो काय तुह्या बापानं चालवला?" ते म्हणाले आणि ट्रकवर चढले.

त्यांच्या मागोमाग पंचफुलाबाईही चढल्या. हातातलं ओवाळणीचं ताट त्यांनी शेजारणीकडे दिलं होतं.

"तू कायले येऊन राहिली वं?"

"नव्या गाडीत एकटं नाही बसत," असं म्हणून बायको पदर सावरत शेजारच्या सीटवर बसलीसुद्धा. देवरावांची भीती दुप्पट झाली.

त्यांनी खाली बघून पाय ब्रेकवर ठेवला, गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला. मग आरशात पाहिलं. मोहित बरोबर गाडीच्या मागे, दोन फळ्यांच्या मधोमध उभा होता.

"बाजूले हो!"

"येऊ द्या, मोठेबाबा, येऊ द्या! मी आहो ना मांगं!"

आरशात पाहावं तर पाय दिसत नव्हता, आणि पायाकडे पाहावं तर मोहित दिसत नव्हता. गाडी हलली. फळ्या करकरल्या. त्यांनी पाय पाहिला, आरसा पाहिला, पुन्हा पाय पाहिला. मागची चाकं उतारावर आली, तशी समोरच्या काचेत नुसतं आभाळ राहिलं. आणि गाडी एकदम सुटली.

देवरावांनी जिवाच्या आकांताने ब्रेक दाबला. मांडी ताठ झाली, तरी गाडी घसरतच होती. आरशातला मोहित हसायचा थांबला. मग एक जोराचा हिसका बसला आणि गाडी थांबली. मोहितच्या गुडघ्यात आणि बंपरमध्ये वीतभर जागा उरली होती.

मग गल्लीने टाळ्या वाजवल्या. ट्रकवाल्याने शिटी मारली. देवरावांचा शर्ट पाठीला चिकटला होता, पण आनंद काही त्यांच्या पोटात मावेना.

"पाहिलं?" ते बायकोला म्हणाले. "अजून जमते मले."

"पायाकडं पाहा."

त्यांनी खाली पाहिलं. पाय ब्रेकच्या बाजूला मॅटवर होता आणि सगळी ताकद लावून मॅटच दाबत होता. पंचफुलाबाईंचे दोन्ही हात हँडब्रेकवर आवळलेले होते.

"तीन महिन्यांपासून पाहून राहिली मी," त्या हळूच म्हणाल्या. "आधी हे बंद करा."

देवरावांनी चावी फिरवून गाडी बंद केली.

एवढ्यात मोहित खिडकीशी आला. त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. "काय ब्रेक मारला मोठेबाबा! एक नंबर! चला आता, मले रिंगरोडले एक राउंड मारून आणा. मोठ्याई, तू उतर, मले बसू दे."

पंचफुलाबाई उतरल्या नाहीत. हँडब्रेकवरचे हातही त्यांनी काढले नाहीत. त्या फक्त नवऱ्याकडे बघत राहिल्या.

सगळी गल्ली ऐकत होती.

"मोहित," ते म्हणाले, "ब्रेक मी नाही मारला, बाबू."