कमरेवर नजर

पेढ्यांचा बॉक्स घेऊन कालिंदी दारात उभी राहिली, तेव्हाच मी ओळखलं, ही उगाच आलेली नाही. सोबत तिची उंच नात होती. जिल्हा बास्केटबॉल संघाच्या निवड समितीवर मी, आणि रविवारी चाचणी. तरुणपणी समोरच्या संघातून खेळताना याच कालिंदीनं फायनलमध्ये रेफरीची पाठ वळलेली बघून मला धडक दिली होती. कप आम्हीच जिंकला, पण तो घ्यायला मी उभी राहू शकले नाही. पुन्हा खेळलेही नाही. ही मात्र सगळीकडे सांगत सुटली, "तीच घसरली."

"गुडघा कसा आहे गं?" सोफ्यावर टेकत तिनं विचारलं.

"आहे." मी चहा दिला, पेढ्यांना मात्र हात लावला नाही. बास्केटबॉलमध्ये समोरच्या खेळाडूच्या डोळ्यांत बघायचं नसतं, डोळे हूल देतात. कमरेकडे बघायचं, ती फसवत नाही. मी तिच्या कमरेकडे बघत बसले.

"नातीचं नाव दिलंयस ना चाचणीला?" शेवटी मीच विचारलं.

"मी बुद्धिबळ खेळते," नात म्हणाली.

कालिंदी पदराशी चाळा करत राहिली. "सांगलीच्या पुरात माझी पदकं, फोटो, सगळं गेलं. मी खेळायचे हे घरात कुणाला खरंच वाटत नाही. हसतात. तू सांगितलंस तर हिला पटेल."

तिची कंबर जराही हलली नाही.

मी सलवार गुडघ्याच्या वर घेतली. नात त्या लांबलचक व्रणाकडे बघत राहिली.

"तुझ्या आजीनं पाडलं मला," मी म्हणाले. "दुसऱ्या कुणाला जमलं नव्हतं."