सांदीकडची खिडकी

"तलाव नको," रुखमाबाई म्हणाल्या. "खिडकी इकडं पायजे."

त्यांनी काठीनं दाखवलेल्या बाजूला पाहण्यासारखं काहीएक नव्हतं. हात लांब केला तर पलीकडे बोटं टेकावीत एवढी अरुंद सांदी, आणि सांदीपलीकडे दुसऱ्या घराची सपाट, बिनखिडकीची भिंत.

अंजू नकाशा हातात धरून तशीच उभी राहिली. ती भंडाऱ्याची आर्किटेक्ट. दिघोरी गावात आली होती ती या एका खोलीसाठी. रुखमाबाईंचे गुडघे गेल्यापासून त्यांचं धानाच्या रोवणीला जाणं सुटलं, मग तलावावर जाणं सुटलं, आणि आता तर अंगणाबाहेर पडणंही होत नव्हतं. म्हणून त्यांच्या मुलानं, सचिननं, घराला लागून आईसाठी एक खोली वाढवायची ठरवली होती. खाटेवर बसल्या बसल्या तलाव दिसावा, काठच्या पाळीवरून येणारीजाणारी माणसं दिसावीत, अशी खिडकी अंजूनं मोठ्या हौसेनं काढली होती. आपल्या त्या खिडकीवर ती स्वतःच बेहद्द खूश होती.

"काकू, तिकडून धड उजेड येणार नाही की हवा."

"येईन तेवढी पुरते मले."

"आई, त्या भिंतीत कपाट काढाचं हाये," सचिन वैतागला. "खुशालची भिंत पाहून काय करशीन?"

खुशाल हा सचिनचा चुलतभाऊ. पलीकडचं घर त्याचं. मधली सांदी कोणाची, यावरून दोघांची कोर्टात केस चालू होती. वडील दोघांचेही वारले होते, पण भांडण मुलांनी नीट सांभाळलं होतं. दोन्ही घरांत एकमेकांच्या घरचं पाणीसुद्धा चालत नव्हतं. खुशालची आई रंभाबाई आणि रुखमाबाई या सख्ख्या जावा. त्यांनी तर एकमेकींचं तोंड पाहणंच सोडलंय, असं सचिन सांगे.

"खिडकी नसन तं मी त्या खोलीत झोपत नाई," रुखमाबाई शांतपणे म्हणाल्या. "बांध आन् धान भर तिच्यात."

सचिन पाय आपटत बाहेर गेला.

अंजूचा स्वभाव मोठा चौकस. एखाद्या गोष्टीचं कारण कळलं नाही की तिला जेवण गोड लागत नसे. "काकू, कोणी वास्तूवाल्यानं सांगितलं का?" तिनं विचारलं.

"मले कोन सांगते?"

"मग रंभाबाईंकडचं काही..."

"त्या बाईचं नाव नको काढू माह्यासमोर," रुखमाबाईंनी तोंड फिरवलं. मग काठी सांदीकडे करत म्हणाल्या, "पोरी, थे समोरची भित मजबूत हाये ना?"

"पक्क्या विटांची आहे. तुमच्या अंगावर नाही पडणार."

रुखमाबाईंनी मान हलवली. त्यांचं समाधान झालेलं दिसलं.

पुढच्या खेपेला अंजू आली तेव्हा भिंती गुडघ्याएवढ्या आल्या होत्या. रुखमाबाई काठी टेकत बांधकामापाशी आल्या आणि कोळशानं दोन रेघा ओढून मोकळ्या झाल्या. खिडकी इथून इथपर्यंत. खाटेवर बसलं की बरोबर तोंडासमोर आली पाहिजे. जाळी नको. आणि गजांमधून वाटी गेली पाहिजे.

"वाटी कशाला?"

"मांजरीले दूध देवाले."

घरात मांजर नव्हतं. अंजूनं तसं बोलूनही दाखवलं.

"येईन एखांदी," रुखमाबाई म्हणाल्या.

कोडं अखेर सचिननंच सोडवलं. गाडीपर्यंत पोचवायला आला तेव्हा त्याचा चेहरा एकदम खुलला होता. "मॅडम, मले आता समजलं. त्या भितीमागंच रंभाकाकीची खाट हाये. तिथंच बसून थे मायलेक केसच्या गोष्टी करतात. आमची आई इकडून सगळं ऐकन आन् मले सांगन. लय पोचलेली हाये बुढी." कपाटाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

कारण कळलं, पण अंजूला वाईट वाटलं. या बाईचा तिला लळा लागत चालला होता. चालता येत नाही, दिवस कसा घालवायचा ते कळत नाही, आणि एवढा हट्ट केला तो शेजारच्या बोलण्याला कान लावण्यासाठी? त्या दिवशी चहा न घेताच ती निघाली. तरी काम मात्र तिनं रुखमाबाईंनी सांगितलं तसंच करून दिलं, रेघेला रेघ.

खिडकी बसली त्या दिवशी ती काम पाहायला आली, तर सांदीच्या तोंडाशी खुशाल उभा. हाताची घडी घातलेली, नजर खिडकीवर. यानं तक्रार केली तर खिडकी बुजवावी लागणार, आणि रुखमाबाई काही बोलल्या शब्दापासून मागं हटणाऱ्या नव्हत्या.

"मॅडम, जरा इकडं या."

"हे पाहा, आम्ही आमच्या भिंतीतच..."

"थे राहू द्या," खुशालनं तिला थांबवलं. "आमच्यावर नजर ठेवाले केली ना खिडकी? मी आता पोलीस ठाण्यात चाललोच होतो. आईनंच अडवलं. म्हणे, भांडून काय होते? आपणही त्याहिच्यावर नजर ठेवू. तं आमच्याही भितीत एक खिडकी काढून द्या. बरोबर याच्या समोर."

अंजूनं पर्समधून टेप काढला. "चला, तुमच्या आईंना विचारून घेते. उंची केवढी हवी, गज कसे हवेत..."

"तिले इचाराची गरज नाई," खुशाल म्हणाला. "थे म्हणते, मॅडमले सगळं मालूम हाये."