तळचा साका

शामलाने पेला मोरीत उपडा केला आणि वरून तांब्याभर पाणी सोडलं. हिरवट काढा वाहून गेला. पेल्याच्या तळाशी नेहमीसारखा पांढरट साका चिकटला होता, तो तिने बोटाने पुसून काढला. गुळवेल कुटली की तिचं सत्त्व असंच खाली बसतं, हे तिने कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं.

मग त्याच पेल्यात तिने गार दूध ओतलं, साखर विरघळवली आणि पेला खाटेवरच्या वडिलांच्या ओठांना लावला.

चंपतराव घोट घोट प्यायले. गालाच्या आतली जखम ठणकत होती, तरी डोळे हसले.

"तुही माय मले बकरीच समजून राहिली," ते पुटपुटले. "पाला चारते."

"बोलू नका बाबा. दुखेल."

"तिले सांगू नको वं."

बाहेर गल्लीतल्या नळावर बादल्या आदळत होत्या. पाणी सहाला यायचं. भागीरथाबाई त्याआधी काढा करून पेला लेकीच्या हाती देत आणि नळावर जात. जाताना रोज बजावत, ढवळून दे, तळचं राहू देऊ नको. तुझ्या हातून घेतात ते, माझ्या हातून तोंड फिरवतात. परत आल्या की बादली टेकवायच्या आधी त्यांची नजर रिकाम्या पेल्याकडे जाई आणि चेहरा जरा सैल होई. त्या चेहऱ्याकडे बघणं शामला टाळत असे.

आईची लाज तिला पहिल्यांदा वाटली ती दवाखान्यात, चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये. गालातल्या कॅन्सरच्या गाठीवरचा विजेचा शेक संपला होता आणि डॉक्टरांनी पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. भागीरथाबाईंनी पदराची गाठ सोडली आणि कडुनिंबावरच्या गुळवेलीची काडी थेट टेबलावर ठेवली. शेजारच्या अंजनाबाईने सांगितलं आहे, हे देऊ का?

डॉक्टर हसले. बाजूला उभी असलेली शिकाऊ पोरंही हसली. असलं काही पोटात गेलं तर गोळ्यांचं काम बिघडेल, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेही शामलाकडे बघून. ती सदर भागातल्या शाळेत शिकवत होती, तिची भाषा त्यांच्यासारखी होती. बाहेर आल्यावर नर्सने विचारलं, या बाई तुमच्या कोण?

"घरच्या आहेत," शामला म्हणाली.

आई दोन पावलांवर उभी होती. ती काडी पुन्हा पदरात बांधत होती.

आठ-दहा दिवस काडी पदरातच राहिली. मग एका पहाटे खलबत्ता वाजला. शामलाने दोनदा समजावून पाहिलं. आईने दोन्ही वेळा निमूटपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी काढा तयार ठेवला. शेवटी वाद घालण्यापेक्षा ओतून देणं सोपं, असं शामलाने ठरवलं. पहिल्या दिवशी तिने आधी दाराकडे पाहून घेतलं. पुढे सवय झाली. मनातली चोरटी बोच मात्र गेली नाही, कारण आईने कधी, एकदाही, तिच्यावर संशय घेतला नाही.

गोळ्यांवरूनही सुरुवातीला कटकट झाली होती. गिरणीतलं काम सुटल्यापासून खुंटीला टांगलेल्या तंबाखूच्या चंचीत एक दिवस अर्धवट विरघळलेल्या गोळ्या सापडल्या. शामलाचा आवाज चढला. चंपतराव लहान पोरासारखे भिंतीकडे वळले.

"त्याईले बोलू नको," आई म्हणाली. "गोळ्याईचं माह्यावर सोड."

त्यानंतर बाटली दिवसागणिक बरोबर उतरत गेली. दर शनिवारी शामला मोजून पाही. बाबांना विचारलं तर ते हात उडवून "झालं" म्हणत.

जूनमध्ये गाठ मानेपर्यंत आली. डॉक्टरांनी कागद पुन्हा पुन्हा चाळले. गोळ्या नियमित घेतात ना?

"एकही चुकली नाही."

"एकबी नाही," मागून आई म्हणाली.

तो पाला वगैरे दिला नाही ना, असं त्यांनी विचारलं. आईसमोर शामलाला बोलता येईना. तिने नुसती मान हलवली, नाही म्हणून. आईने ते पाहिलं आणि खाली बघितलं. आपण खोटं बोललो असं आईला वाटलं असणार, शामलाच्या मनात आलं. आणि आपण तर खरं बोललो होतो.

काही शरीरं औषधाला दादच देत नाहीत, डॉक्टर म्हणाले. रिक्षात बाबांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या शामलाने मनाशी एवढंच म्हटलं, की निदान आपल्याकडून कसूर झाली नाही.

पोळ्याच्या दोन दिवस आधी चंपतराव गेले.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी अंजनाबाई आली. तिच्या मेव्हण्याला, बळीरामला, तसलीच गाठ निघाली होती. काढा किती द्यायचा, कसा द्यायचा, ते तिला विचारायचं होतं. शामला मोरीपाशी भांडी घासत होती. हातात नेमका तोच पेला होता. आता आईला सगळं सांगून टाकावं, असं तिला वाटलं. इतक्या दिवसांचं ओझं एकदाचं उतरेल, आणि बळीरामच्या घरचेही फसणार नाहीत. ती पेला घेऊन उठली, दारापर्यंत आली.

"काढ्यानं काही होत नाही वं अंजना," आई म्हणत होती. "डॉक्टर बोलला ते मले समजलं होतं. पाला नावापुरताच टाकत होती. पण हे गोळी तोंडात ठेवेच ना, थुकून लपवत. दुधात देली असती तर कडू लागून ओळखली असती. म्हणून काढ्याचं निमित्त केलं. शामलेलेबी नाही सांगितलं, तिच्या तोंडावर लगेच दिसते. पण एक दिवस खाडा नाही होऊ देला. रोज पहाटे गोळी खलून मी त्या पेल्यातच टाकली."