देवाचे खडस

चांगुणाने बांगड्या वाजवल्या, तसे कोंडातले सगळे खडस मासे नेहमीसारखे तिच्या हाताशी गोळा झाले.

डोंगर उघडा पडून नदी तापली त्याला तीस वर्षं झाली. तेव्हापासून हे मासे देवळाखालच्या, यंत्राने गार ठेवलेल्या या कोंडातच काय ते उरले होते. देवाचे मासे म्हणून गाव त्यांना चुरमुरे घाली. आता डोंगरावर झाडी परतली होती, नदी निवली होती आणि महिन्याभराने कोंडाची झडप उघडायची होती.

"काकू, हे असे हातावर येत राहिले तर खालच्या गावात पहिल्याच दिवशी कालवणात जातील," माशांचा अभ्यास करणारी शर्वरी म्हणाली.

"देवाचे मासे कोण खाईल?"

"ते देवाचे आहेत हे खालच्यांना कुठे ठाऊक आहे?"

मग माशांना बांगड्यांची, माणसाची धास्ती बसवायचं ठरलं. मासे तिच्याच हाकेला येत, म्हणून पाण्यात विजेचा हलका झटका सोडणारं बटणही तिलाच दाबावं लागलं. महिनाभर ती रोज बांगड्या वाजवी, बटण दाबी आणि मग तिला जेवण गोड लागत नसे. हळूहळू मासे यायचे थांबले. तुटक्या मिशीची थोरली मादी तेवढी शेवटच्या दिवसापर्यंत येत राहिली.

झडप उघडली त्याला वर्ष झाल्यावर चांगुणा दोन कोस चढून वरच्या डोहावर गेली. तुटकी मिशी तिथे होती, भोवती बोटाएवढी पिल्लं. सवयीने तिचा हात वर गेला, बांगड्या किणकिणल्या. मादी गर्रकन वळली आणि तिच्यामागोमाग सगळी पिल्लं कपारीत शिरली.

"शहाणी झालीस गं," चांगुणा म्हणाली आणि ओटीतले चुरमुरे स्वतःच खात बसली.