अख्खा तुकडा

मशीन टकटक करत होतं आणि तंत्रज्ञ पडद्याला डोळे लावून बसला होता. आत कुणी पेशंट नव्हता, मनगटाएवढा जाड काँक्रीटचा तुकडा होता. या प्रयोगशाळेतलं एमआरआय दगड-माती-काँक्रीटचंच पोट तपासतं. दारावर त्याने स्वतः पाटी लावली होती: ‘फक्त अख्खा तुकडा आणावा.’

हाच तुकडा दोन महिन्यांपूर्वी आला होता. वाचनालयाच्या सज्ज्याच्या तुळईचा. पाठवणारा इंजिनिअर त्याचाच धाकटा भाऊ. आत पाणी मुरलंय का, एवढंच सांगायचं होतं. काँक्रीटमध्ये मुरलेल्या पाण्याचा सिग्नल डोळ्याचं पातं लवायच्या आत विझतो, मशीनने तो लगेच पकडावा लागतो. आणि हा शहाणा तंत्रज्ञ आदल्या दिवशीची ओल्या मातीची सेटिंग बदलायलाच विसरला! ती सिग्नल उशिरा पकडते, पाणी असलं तरी पांढरं दिसत नाही. चित्र आलं काळंकुट्ट. याने बिनधास्त लिहून दिलं, ‘कोरडा.’

मागच्या आठवड्यात सज्जा कोसळला. खाली पेपर वाचत बसलेले एक निवृत्त मास्तर जागीच गेले. धाकटा निलंबित झाला. याने जुनी नोंद उघडली, आपली चूक पाहिली आणि तोच तुकडा पुन्हा तपासायचं ठरवलं.

आज मशीन सुरू करण्याआधी त्याने धाकट्याला बोलावून सगळं सांगून टाकलं.

“आत पाणी दिसलं की मी लिहून देतो, चूक माझी. तू सुटशील.”

धाकटा स्टुलावर बसून नखं कुरतडत राहिला.

प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवलेला तुकडा थोरल्याने पुन्हा मशीनमध्ये घातला. या वेळी सेटिंग तीनदा तपासली. खात्रीसाठी शेजारी मुद्दाम भिजवलेला दुसरा तुकडा ठेवला. चित्र आलं. भिजवलेला लख्ख पांढरा. सज्ज्याचा काळा. पुन्हा घेतलं. काळाच.

तो धाकट्याकडे वळला.

“अरे, खरंच कोरडा होता रे! माझ्यामुळे नाही गेले मास्तर!”

असं म्हणताना त्याला लाज वाटली, पण हसू काही आवरेना.

धाकट्याने मान वर केली नाही.

“कोरडाच असणार, दादा. सज्ज्याच्या तुळईत ड्रिल घातलं की नुसता चुरा बाहेर यायचा. तीनदा केलं. चुरा तू घेतला नसतास. म्हणून शेजारच्या धडधाकट तुळईतून अख्खा काढला.”