आबांची ट्रॉली

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं. गॅस बंद केला तोच माझ्या वडिलांचा, आबांचा फोन आला.

"बाई, मका घेऊन बाजार समितीच्या गेटवर आलोय. भाव चढणार असला तर ट्रॉली माघारी नेतो. नाहीतर आजच तुमच्या दुकानात उतरवतो. भुईमुगाचं बियाणं घ्यायचंय, पेरणी तोंडावर आली. जरा जावईबापूंना विचार."

जावईबापू समोरच बसले होते. सकाळीच त्यांनी भागीदाराला सांगितलं होतं, "परदेशी मक्याची आयात बंद होतेय. आठवड्यात भाव उसळणार. तोवर मिळेल तेवढा माल भरून घे." मी नुसतं आबांचं नाव काढलं, तसे ते खेकसले होते.

मी फोनवर हात ठेवला. "आबांपुरतं तरी सांगू द्या."

"सांग की. मग बॅग भर आणि त्याच ट्रॉलीत बस. धंद्यातली गोष्ट बाहेरच्या माणसाला कळता कामा नये."

लेकीने माझी ओढणी घट्ट धरली. तिच्या केसांवरून हात फिरवत मी म्हणाले, "आबा, भाव काही चढत नाही म्हणतात. आजच विका."

"बरं झालं विचारलं," आबा समाधानाने म्हणाले. "बाजारात घरचा माणूस असला की घोर नसतो बघ."

हे चप्पल सरकवून दुकानाकडे निघाले. लेकीने मान वर केली.

"आई, आबा बाहेरचे आहेत?"