ठकठकीची चौकशी

गाडी बिघडवणारे खुद्द वकीलसाहेबच निघाले. पण हे कुणी ऐकलंच नाही असं समजून पुढे जाऊ. जुन्या गाडीचं इंजिन चढावर ठकठकू लागलं तेव्हा त्यांचा संशय मागचं सर्व्हिसिंग करणाऱ्या मेकॅनिकवर गेला. ‘चूक माझी निघाली तर किल्ली तुझी,’ असं बायकोला बजावून ते तिच्यासकट गॅरेजात पहाऱ्याला बसले. मेकॅनिकने पाना उचलला की हे चष्मा सरसावायचे. शेवटी त्याने इंजिनातला वायू बाहेर सोडणारी नळी उपसली. आत बाटलीचं बूच! ‘साहेब, इंजिनाचा श्वास कोंडलाय, ऑइल वर चढून जळतंय, म्हणून ठकठक. बूच कुणी मारलं?’ ‘अहो, तुम्हीच की, वास येतो म्हणून!’ बायको स्टिअरिंगपाशी बसत म्हणाली. वकीलसाहेबांनी तिथल्यातिथे अर्ज खरडला: ‘निकालास स्थगिती देऊन चौकशी त्रयस्थ मेकॅनिककडे सोपवावी, तोवर किल्ली अर्जदाराकडेच राहावी, ही विनंती.’